पडद्याखालच्या दोन ओळी

आमची प्रक्षेपणाची गाडी बेसबॉल स्टेडियमच्या मागच्या दाराशी उभी असायची आणि आत मी आवाज सांभाळायचो. होम प्लेटजवळचा मायक्रोफोन, प्रेक्षकांवर टांगलेले चार मायक्रोफोन आणि समालोचक मर्ल रॅडमाकर याचा एक. संध्याकाळी सात वाजले की अर्धं उत्तर ओहायो जेवणाची ताटं घेऊन टीव्हीसमोर बसायचं आणि त्यांच्या कानात जे पडायचं ते माझ्या बोटांखालून जायचं. ज्यांना काहीच ऐकू येत नाही असे लोकही मॅच बघतात, हे वीस वर्षांत एकदाही माझ्या डोक्यात आलं नव्हतं. ते आर्डिस होलुबमुळे कळलं.

आर्डिस अ‍ॅक्रनची. तिचे वडील एमिल टायरच्या कारखान्यात होते. तिथल्या खडखडाटात बहिरी माणसं निवांत काम करायची, म्हणून कारखान्यानं त्यांना लांबलांबून बोलावून घेतलं होतं. एमिल जन्मापासून बहिरे, आईही तशीच. मुलगी तेवढी ऐकणारी. पाच-सहा वर्षांची असल्यापासून ती टीव्हीच्या बाजूला स्टुलावर बसायची आणि मर्ल जे बोलेल ते वडिलांना हातांनी सांगायची. मोठेपणी ती कोर्टात लघुलेखिका झाली. वकील एकमेकांवर कितीही तुटून पडोत, आर्डिसच्या लघुलेखनाच्या यंत्रातून एक शब्द सुटायचा नाही.

एकोणनव्वद साली बातम्यांखाली बोललेले शब्द उमटायला लागले होते. मॅचखाली मात्र काही नाही. आर्डिस आमच्या टीव्ही स्टेशनचा मॅनेजर वेंडेल ट्रॅस्क याला भेटायला गेली. दोनदा त्यानं भेट टाळली. तिसऱ्यांदा ती यंत्र आणि एक छोटा टीव्ही घेऊनच गेली आणि दोन्ही एकमेकांना जोडून त्याच्या टेबलावर मांडून बसली.

ट्रॅस्क म्हणाला, "बाई, मॅच म्हणजे कोर्ट नाही. आमचा मर्ल रंगात आला की तो काय बोलतो ते मलासुद्धा कळत नाही."

एवढं बोलून तो दाराकडे वळला आणि सेक्रेटरीला हलक्या आवाजात काहीतरी म्हणाला. परत येऊन बसला तर समोरच्या टीव्हीवर त्याचं अख्खं बोलणं उमटलेलं, आणि त्याखाली आणखी एक ओळ: कॉफी झाली की हिला वाटेला लाव.

ट्रॅस्कचे कान लाल झाले. मग तो हसायला लागला. माणूस तसा वाईट नव्हता.

"एक मॅच," तो म्हणाला. "गुरुवारची. घोळ झाला तर पुन्हा इथे यायचं नाही."

"आणि नाही झाला तर?"

"तर मग बघू."

चार दिवस तिनं जुन्या मॅचेस लावून हात बसवला. दोन्ही संघांतल्या प्रत्येक खेळाडूचं नाव यंत्राला शिकवलं. गुरुवारी ती गाडीत माझ्या शेजारी बसली, कानाला मर्लचा आवाज, समोर यंत्र, तिथून टेलिफोनची तार थेट स्टेशनला. मर्ल आत डोकावून म्हणाला, "मी कोणासाठी थांबत नाही हं, आधीच सांगून ठेवतो." आर्डिस म्हणाली, "मी तुम्हाला पाच वर्षांची असल्यापासून ओळखते, मिस्टर रॅडमाकर. तुम्ही श्वास कुठे घेता तेही मला माहीत आहे."

दुसऱ्या डावात पाल्मिएरी नावाचा, तिच्या यादीत नसलेला नवा खेळाडू आला आणि पडद्यावर उमटलं, पाम मेरी. आमचा दिग्दर्शक ओरडला. तिनं मान वर केली नाही. तो पुन्हा खेळायला येईपर्यंत नाव सुधारलं होतं. मर्लनं मुद्दाम वेग वाढवला, जुने किस्से काढले, एका दमात सात खेळाडूंची नावं घेतली. ओळी तीन सेकंद मागून, पण न चुकता येत राहिल्या. सहाव्या डावापासून तो आपल्या समोरच्या टीव्हीत स्वतःचंच बोलणं वाचायला लागला, हे मला त्याच्या आवाजावरून कळलं.

शेवटचा, नववा डाव. आम्ही दोन धावांनी मागे, दोन गडी बाद, दोघे बेसवर. डेलरॉय टिस्डेल बॅट घेऊन आला. महिनाभर बाकावर बसून असलेला पोरगा. त्यानं तिसरा चेंडू असा हाणला की लाकडाचा आवाज ऐकूनच माझा हात प्रेक्षकांच्या मायक्रोफोनकडे गेला. मर्ल म्हणाला, "हा गेला," आणि गप्प झाला.

ती त्याची नेहमीची पद्धत. चेंडू मैदानाबाहेर जाऊन होम रन झाला की खेळाडू बेसची चक्कर पूर्ण करेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही, लोकांना ओरडू द्यायचं. मी आवाज वाढवला, आवाज मोजणारे माझे काटे टोकाला जाऊन आपटले. आर्डिसची बोटं थांबली. पडद्याचा खालचा भाग रिकामा.

नियम असा होता की बोललं जाईल तेवढंच लिहायचं. तिनं त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं आणि लिहायला लागली.

समालोचक गप्प आहे. तीस हजार माणसं ओरडत आहेत. आवाज थांबत नाही. अजूनही थांबत नाही.

बेसवरच्या दोघांमागून टिस्डेलही होम प्लेटवर पोचला, तीन धावा. आम्ही जिंकलो होतो. दिग्दर्शकानं ओळी वाचल्या आणि तो पुढच्या कॅमेऱ्याकडे वळला.

त्या संध्याकाळी अ‍ॅक्रनच्या बहिऱ्यांच्या क्लबात साठ-सत्तर माणसं टीव्हीसमोर बसली होती. तिथे काय झालं ते मला एमिलनीच सांगितलं, रविवारी, आर्डिस त्यांचे हात मला वाचून दाखवत होती. चेंडू उडाला तसे सगळे उठले. मग ओळी आल्या आणि उभ्याउभ्याच सगळे वाचत राहिले. मग कोणीतरी टेबलावर मूठ आपटली, दुसऱ्यानं आपटली, आणि पायांनी जमीन हादरवत अख्खा क्लब त्या आवाजात सामील झाला. शेजारचा बेकरीवाला धावत आला, काय पडलं म्हणून.

घरी गेल्यावर एमिलनी मुलीला विचारलं होतं, "होम रन झाला की तो बोलतच नाही?"

"नाही, बाबा."

"मग तू मला इतकी वर्षं काय सांगत होतीस?"

आर्डिसला कबूल करावं लागलं. लहानपणी मर्ल गप्प झाला की तिला वाटायचं, वडिलांच्या वाटणीचं काहीतरी कमी पडतंय. म्हणून ती मनानंच सांगायची: चेंडू तलावात पडला, चेंडू टाकणारा पिचर रडतोय, पोलिसांच्या टोप्या उडाल्या.

एमिल हे सांगताना पुन्हा डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "त्या मर्लपेक्षा तू चांगली बोलायचीस," असं त्यांनी तिला म्हटलं होतं.

पुढच्या आठवड्यात स्टेशनवर पत्रांची दोन पोती आली. कोलंबसहून, टोलेडोहून, एका म्हातारीनं तर लिहिलं होतं की नवऱ्याचे कान गेल्यापासून दोघांनी पहिल्यांदा एकत्र मॅच बघितली. ट्रॅस्कनं आर्डिसला बोलावलं आणि उरलेल्या मोसमाचं वेळापत्रक तिच्या हातात ठेवलं.

मर्ल एका शनिवारी क्लबात जेवायला गेला. हयातभर ज्याचं तोंड बंद झालं नाही त्याला तिथे एक शब्द बोलता येईना. त्यांनी त्याला बटाटा भरलेले पिएरोगी खाऊ घातले आणि खुणेचं नाव दिलं: चोचीसारखी सारखी उघडझाप करणारी बोटं. पुढे तो ते नाव कौतुकानं सगळ्यांना करून दाखवायचा.

पुढच्या एप्रिलपासून संध्याकाळची प्रत्येक मॅच दोन ओळींसकट जाऊ लागली. ट्रॅस्क पाहुण्यांना सांगायचा, ही कल्पना मूळची माझीच. आर्डिस ऐकून घ्यायची. सतरा मोसम ती माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली, आणि गप्प बसायच्या वेळी काय लिहायचं हे तिला पुन्हा कोणी कधी विचारलं नाही.