माळेतल्या माणसाला काम नाही

सुरतेत मी जगलो तो माळवाल्या मावशींमुळे. काय झालं ते पुढे सांगतो, पण नाव आधी घेतलं पाहिजे. खरं नाव मला कधीच कळलं नाही. सुरतेच्या डिंडोली भागात कुणालाही 'माळवाल्या मावशी' म्हटलं की तो पत्र्याच्या एका खोलीकडे बोट करायचा. मावशी दारात आलेल्याला 'ये' म्हणायच्या आधी अंगठ्यानं त्याची खालची पापणी ओढायच्या आणि त्याचं तोंड उन्हाकडे वळवायच्या. त्यातून दूधवालाही सुटला नव्हता. गल्लीतली पोरं त्यांच्या दारावरून जाताना डोळे मिटून पळायची आणि गटारीत पडायची.

मी परभणीकडचा. आठवीत शाळा सुटली. प्लेगच्या भीतीनं पळालेले लोक सुरतेत परत येत होते, लूमच्या खात्यांना माणसं कमी पडत होती, म्हणून उधन्याच्या एका खात्यात मला आल्या आल्या काम मिळालं. लूमच्या कारखान्याला तिकडं खातं म्हणतात. मला सगळ्याचीच धास्ती वाटायची. मशीनची, मास्टरची, गावाकडून निरोप येण्याची आणि न येण्याचीही. त्यात अन्नाचा वास नकोसा झाला, लघवी हळदीसारखी व्हायला लागली. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि आराम कर अशी चिठ्ठी लिहिली. मास्टर, म्हणजे खात्याचे मुकादम, गुजराती होते. त्यांनी चिठ्ठी न वाचताच परत दिली. "चिठ्ठी तो बधा लावे छे." चिठ्ठी काय, सगळेच आणतात. माझ्या लूमवर उद्यापासून दुसरा माणूस उभा राहील, एवढंच म्हणाले. एकदा लूम दुसऱ्याकडे गेली की परत मिळत नाही. घरी माझ्या पैशावर आई आणि दोन बहिणी होत्या. मी आजारी नाहीच, असं स्वतःला सांगून कामावर उभा राहिलो.

माझ्या खोलीतला रामदास साक्रीकडचा. तो मला ओढतच मावशींकडे घेऊन गेला. मावशी त्याच्याच भागातल्या, अहिराणी बोलायच्या. मला ती पुरती लिहिता येत नाही. जमेल तेवढी लिहितो, बाकीचं माझ्या बोलीत.

"कोठला शे रे भाऊ?"

"परभणीकडचा."

"इतला दूर? आनि आठे कोन शे तुनं?"

"कोणी नाही."

"मंग बरोबर. काविय एकला मानूस दखस आनि धरस." कावीळ म्हणे एकटा माणूस बघते आणि धरते. पापणी सोडून त्या म्हणाल्या, "डॉक्टरच्या गोळ्या चालू आहेत ना? त्या बंद करायच्या नाहीत. माळ उद्या सकाळी मिळेल. रात्री ती देवीजवळ राहते."

कोनाड्यात कानबाईचा नारळ होता, नथ घातलेला, खणात गुंडाळलेला. खान्देशात ही देवी घरोघर बसते. त्याच्यापुढे माझी माळ रात्रभर होती. कुठल्याशा मुळीचे पांढरे बारीक तुकडे कच्च्या दोऱ्यात गाठीगाठीनं ओवलेले. डोक्यातून कशीबशी गळ्यात उतरली एवढी ती लहान. काही दिवसांत छातीवर आली, मग पोटापर्यंत. माळ उतरते तशी कावीळ उतरते, असं सगळे मानायचे. मावशींचं पथ्य कडक होतं. तेल-तिखट बंद, पाणी उकळून, पेला वेगळा, उष्टं कुणाला द्यायचं नाही, आणि माळेतल्या माणसानं काम करायचं नाही.

ही शेवटची अट खात्याखात्यांत माहीत होती. माळेतल्या माणसाकडून काम करून घेतलं तर त्याची कावीळ काम करून घेणाऱ्याला धरते, अशी समजूत होती. डॉक्टरांची चिठ्ठी परत करणाऱ्या मास्टरांनी माझ्या गळ्यात माळ बघितली आणि दोन पावलं मागं सरले. "माळा पहेरी छे ने? तो घेर जा, भाई." माझ्या लूमवर बदली माणूस उभा केला आणि त्याला सगळ्यांसमोर सांगितलं की हा परत येईपर्यंतच. मी खोलीवर येऊन झोपलो. सुरतेत आल्यापासून पहिल्यांदा दिवसा झोपलो. रामदास माझ्यासाठी पाणी उकळायचा आणि रॉकेल संपतंय म्हणून मला शिव्या द्यायचा.

बरा झाल्यावर मी मावशींना विचारलं, ते कावीळ धरण्याचं तुम्हीच सांगितलंत का. त्या सुपातले तांदूळ निवडत होत्या. "मी नाही सांगितलं. लोक सांगतात. मी फक्त नाही म्हणत नाही."

दवाखान्यातले डॉक्टर त्यांना ओळखत होते. एकदा मी गोळ्या आणायला गेलो तेव्हा मावशी कुणा शेजारणीला घेऊन तिथं बसल्या होत्या. डॉक्टर हसत म्हणाले, "मावशी, मुळ्या वाळतात, गाठी सैल पडतात, म्हणून तुमची माळ लांब होते. कावीळ गोळ्यांनी आणि आरामानं जाते." मला वाटलं आता मावशी चिडणार. त्या म्हणाल्या, "मुळ्या वाळायला किती दिवस लागतात, ते तर बघा. तेवढे दिवस माणूस आडवा राहतो. तुमच्या चिठ्ठीनं राहतो का?" डॉक्टरांनी पुढच्या माणसाला आत बोलावलं. पण त्यानंतर ते कावीळवाल्या कामगारांना गोळ्या लिहून दिल्यावर हळूच विचारायचे, "मावशींकडे जाऊन आलास का?"

मावशी देवाला मानत नव्हत्या असं मात्र कुणी समजू नये. माळ ओवताना त्या कुणाशी बोलत नसत. कुणाकडून काही घेत नसत, घेतलं की गुण जातो म्हणायच्या. एकानं नारळ ठेवून पळ काढला तर नारळ घेऊन पार रस्त्यापर्यंत त्याच्या मागं गेल्या. मी एकदा विचारलं, बरं कोण करतं, तुम्ही की डॉक्टर? त्यावर त्या जे म्हणाल्या ते मला तसंच्या तसं आठवतं. "डॉक्टर दवा देस, देव गुण देस, मी नुसता धागा बांधस."

मी पुढं त्याच खात्यात टिकलो. मग एका उन्हाळ्यात माळा फार दिसायला लागल्या. आमच्या खोलीत आम्ही सहाजण, त्यात चौघांच्या गळ्यात माळ. त्यातले तिघे चांगले जेवत होते, पत्ते खेळत होते. मावशींनी डोळे बघून माळ दिली म्हणजे कावीळ असणारच, अशी आमची खात्री. त्यांना उलट विचारायचं कुणाच्या मनातही आलं नाही. मास्टर मात्र चिडले. "आखी रूमने कमळो थयो?" अख्ख्या खोलीला कावीळ झाली का, असं. एक दिवस हिंमत करून त्यांनी माळेतल्या एकाला सुताचा जड बीम ढकलायला लावला. मग रोज खात्यातल्या आरशापुढे जाऊन स्वतःचे डोळे तपासत राहिले. डोळे पांढरेच राहिले. एका सकाळी येऊन म्हणाले, आता इथं माळा-बाळा काही चालणार नाही.

चौथा रामदास होता. त्याला खरीच कावीळ होती. रक्त तपासलेलं, पोटात काही ठरत नव्हतं. गळ्यात माळ घेऊन तो लूमवर उभा होता आणि मधूनमधून खांबाला धरत होता. जेवणाच्या सुट्टीत मी मावशींकडे पळत गेलो. रामदास मरेल असं मला वाटत होतं. मास्टरांनी माळेचा नेम मोडला, असं मी त्यांना सांगितलं. वाटलं, त्या मास्टरांना काहीतरी शाप-बिप देतील.

त्यांनी विचारलं, "किती जणांना दिल्यात मी माळा, या महिन्यात?"

"पुष्कळ, मावशी."

"सगयासलेच काविय कशी व्हई?" त्या स्वतःशीच म्हणाल्या. माझी पापणी ओढून बघितली. मग सुनेला बोलावून तिची बघितली. मग देवीच्या वातीसाठी ठेवलेला कापूस हातात घेतला आणि दारात उन्हात जाऊन कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या.

"रंग कोणता रे याचा?"

"पांढरा."

"मला पिवळा दिसतो." कापूस त्यांनी परत जागेवर ठेवला. "मोतीबिंदू असेल. मना डोयासमाच काविय शे. चल, तुझं खातं दाखव."

मावशी खात्यात पहिल्यांदाच आल्या. आवाजानं त्यांनी पदर कानांवर घट्ट धरला होता. मास्टरांनी जवळच्या लूम बंद करायला लावल्या. मावशींनी त्या तिघांना पुढं बोलावलं आणि एकेकाच्या गळ्यातली माळ स्वतःच्या हातानं काढली. "यांना काही झालेलं नाही. माझे डोळे बिघडलेत. चूक माझी, या पोरांची नाही, देवीची तर नाहीच." मग रामदासच्या खांद्यावर हात ठेवला. "याचं रक्त डॉक्टरांनी बघितलंय. याची माळ खरी आहे. माझ्यावर भरवसा नसला तर त्यांना विचारा. पण याला आधी घरी पाठवा."

खोटं बोलायला आलेलं माणूस आपल्याच माळा काढून घेत नाही, हे मास्टरांच्या लक्षात आलं असावं. "जा," ते रामदासला म्हणाले, "तारी लूम तारी ज रहेशे." रामदास गेला, झोपला, बरा झाला. आजही तो त्याच लूमवर आहे आणि रॉकेलचा हिशेब अजून काढतो.

त्यानंतर मावशींनी डोळे बघणं सोडलं. माळ मागायला येणाऱ्याचा हात धरायच्या आणि कोपराच्या आत बोटांनी चाचपून सुईची जागा शोधायच्या. रक्त तपासलेलं नसेल तर माळ नाही. मास्टर पुन्हा माळ मानायला लागले. पण लोक कमी झाले. मावशींचा गुण गेला, असं बायका नळावर बोलायच्या. मावशींच्या कानावर ते गेलं असणार. "एक माळ खोटी गेली की खऱ्या माळेतल्या माणसाला पण कामाला लावतात," एवढंच एकदा म्हणाल्या.

गेल्या वर्षी त्या लेकीकडे साक्रीला गेल्या. उधना स्टेशनवर मी आणि रामदास पोहोचवायला गेलो. मी म्हटलं, मोतीबिंदू काढून घ्या, मी दवाखान्यात घेऊन जातो. "सुईचं भ्या वाटस," त्या म्हणाल्या. इतक्या लोकांना सुई टोचायला पाठवणाऱ्या मावशी सुईला घाबरतात, यावर रामदास हसला. मला हसू आलं नाही. भीती काय असते ते मला माहीत आहे. गाडी हलली तेव्हा त्या माझ्याकडे बघत होत्या, पण मी त्यांना कितपत दिसत होतो ते सांगता येत नाही.

मावशी, दिवाळीत खातं बंद असतं तेव्हा मी साक्रीला येणार आहे. तुम्ही काही घेत नाही, ते मला माहीत आहे. पण हे घेणं नव्हे. धुळ्याला डोळ्यांच्या दवाखान्यात नेईन, सुई टोचताना तुमचा हात धरून बसेन, आणि डोळ्यांत थेंब घालण्याचे सगळे दिवस तिथंच राहीन. खातं उघडलं तरी मी परत येईपर्यंत माझ्या लूमवर बदली माणूस उभा राहील. मास्टरांना मी आत्ताच विचारून ठेवलं आहे.