दादाच्या अंगातली वीज

माझ्या दादाला शॉक बसला आणि अख्ख्या गल्लीने त्याला हात लावायचं सोडलं.

आज त्याचा स्मृतिदिन. मी नव्वदीला टेकले, दादा अजून बाविशीतच. त्याला पाहिलेलं माणूस आता जगात मी एकटीच.

स्वातंत्र्याच्या आधीची गोष्ट. नंदुरबारला दादा कापसाच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या गिरणीत, कामाला. आई-बाप नव्हते. आम्ही दोघंच.

जिनात डायनामोची वीज होती. उघड्या तारेला दादाचा हात लागला आणि तो फेकला गेला. मग उठला, कपडे झटकले, चालत घरी आला.

बोटावर डाळीएवढा डाग. बाकी काही नाही.

पण शेजारचे शहाणे जमले ना! अंगात वीज अडकलीय म्हणे, माती ओढून घेईल. परसात खड्डा खणला, दादाला आत बसायला लावलं आणि हात न लावता फावड्याने गळ्यापर्यंत ओली माती ओढली.

थोड्या वेळाने दादा घामाने निथळायला लागला. ओठ पांढरे पडले.

शेजारची काकू खूश. "ईज उतरी ऱ्हायनी!"

उतरत होती डोंबलाची! त्याचं काळीज दमत होतं. पण नाडी बघणार कोण? शिवलं की वीज आपल्यात येईल, ही भीती.

दादा म्हणाला, "सिंधू, आठे ये ना. मन्हा डोकावर हात ठेव."

मी धावले. काकूने वेणी धरून मागे ओढलं. "हात नको लावू व! तू बी मरशी!"

दादा नुसता बघत राहिला माझ्याकडे. एवढी माणसं भोवती, आणि तो एकटा.

दुपारी जिनाच्या शेठने डॉक्टर पाठवला. त्याने आधी सगळ्यांना झापलं, दादाला बाहेर काढून खाटेवर निजवलं. नाडी धरली, छातीला नळी लावली.

"वरून काही दिसत नाही, पण हृदयाला मार बसलाय. ठोके मध्येच गळतायत. हा घाम त्याचाच."

परवा माझा इसीजी काढला, पाच मिनिटांत कागद हातात. तेव्हा आमच्याकडे डॉक्टरची बोटं आणि कान, एवढाच इसीजी.

लवकर कळलं असतं तर वाचला असता का? देव जाणे.

डॉक्टरने माझा हात धरून दादाच्या छातीवर ठेवला. "ठेव. काही होत नाही तुला."

दादा हसला. "किती गार शे व तुन्हा हात."

संध्याकाळी ते ठोके माझ्या हाताखालीच थांबले.

काकू दारातूनच ओरडली, "पोरी, हात धुई टाक!"

नाही धुतला.

दादा, तुला मनापासून नमस्कार.

तुझी सिंधू