कशेडीखालच्या वाडीत विमानतळाच्या टॅक्सींचा कौल

विमानतळावर प्रवासी घेण्यासाठी आत शिरणाऱ्या परवानाधारक टॅक्सीवर नवे शुल्क बसविण्यात आले. महिनाअखेरपर्यंत जो ते भरणार नाही, त्याचा पास रद्द होणार होता. आमच्या वाडीचे चौदा जण तेथे टॅक्सी चालवितात. त्यांच्यात दोन तट पडले, म्हणून ग्रामदेवीचा कौल घ्यावा आणि तोपर्यंत कोणीही एकट्याने पैसे भरू नयेत, असे शपथेवर ठरले. मी छत्तीस वर्षे टॅक्सी चालविली; जुन्या संपात सर्वांत पुढे होतो, निधीच्या पावत्या मीच फाडीत असे. साहजिकच मलाही बोलावणे आले. परंतु त्या चौदांतलाच माझा मुलगा दिनेश याचा पास जाऊ नये म्हणून मी त्याला न सांगता, त्याच्या नावाने, मंगळवारीच पैसे भरून टाकले होते.

रविवारी सकाळी सहा वाजता त्याच्याच टॅक्सीतून आम्ही वाडीकडे निघालो. वडखळपासून माणगावपर्यंत रस्ता खराब आहे. कंबरदुखी असणाऱ्यांनी उशी बरोबर घ्यावी. महाडला एसटी स्थानकाजवळ शाकाहारी थाळी एकशे तीस रुपयांत मिळते. देवीपुढे जावयाचे असल्याने आम्ही माशांकडे पाहिले नाही. दिनेश एरवी वाटभर बोलतो. त्या दिवशी गप्प होता.

पोलादपूर सोडून जुन्या घाटाच्या वाटेला लागलो आणि धुक्याने गाडी गिळली. कशेडीचा बोगदा झाल्यापासून या वाटेला वाहने विरळ. दुपारचे बारा वाजले होते, तरी दिवे लावावे लागले. वाडीच्या माळावर धुक्यातून एकेक टॅक्सी दिसू लागली. तेरा टॅक्सी, आत कोणी नाही, सर्वांची तोंडे देवळाकडे. माळावर रोज चरणारी गुरे कुंपणापलीकडे उभी राहून त्यांच्याकडे एकटक पाहत होती. एकही हंबरत नव्हते.

"अण्णा आले! आता देवीलाच पावती फाडायला लावतील," मी देवळात शिरताच महादू नावाचा चालक म्हणाला.

"गप रे, देवळात हाय आपन," गुरवाने त्याला दटावले.

गुरवाने मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर पाण्याने एकेक पाकळी चिकटविली आणि गाऱ्हाणे घातले. उजवी पडली तर पैसे भरायचे, डावी पडली तर भरायचे नाहीत. आम्ही वाट पाहिली. मूर्तीवरचे पाणी सुकले. सुकलेली पाकळी आपसूक गळून पडते, हे मी लहानपणापासून पाहत आलो आहे. त्या दोन्ही तशाच राहिल्या. दाराशी वारा होता, पण समईची ज्योत हलत नव्हती.

"कुनाच्या तरी मनात येगळं हाय," गुरव हळूच म्हणाला. "देवी बोलत नाय."

तेव्हा दिनेश पुढे झाला. "मी भरले पैसे. मंगळवारी."

पावती त्याच्या फोनवर आली असणार, हे मला त्या क्षणी कळले. त्याला सर्व ठाऊक होते.

"अरे दिन्या, तू पन?" महादू म्हणाला. बाकी सर्वांनी मूर्तीकडे पाहिले. मीही पाहिले. पाकळ्या जागच्या जागी होत्या.

"ह्यो नाय," गुरव म्हणाला. त्याने कोणाकडेही पाहिले नाही.

"मी भरले," मी म्हणालो. "दिनेश खोटे बोलतो आहे."

डावी पाकळी पडली. दगडावर तिचा आवाज झाला. पाकळीचा आवाज होत नसतो, परंतु तो सर्वांनी ऐकला.

दिनेशने आपली टॅक्सी माळावर इतर तेरा टॅक्सींच्या रांगेत नेऊन लावली. "भरलेले पैसे परत मागतो. पास गेला तर जाऊ दे, बाबा," एवढेच तो बोलला. मी पोलादपूरहून एसटीने एकटा परतलो. ज्येष्ठांना सवलत आहे. ओळखपत्र जवळ ठेवावे.

घरी येऊन चार दिवस झाले. वाडीत मला कोणी दूषण दिले नाही. उलट निघताना महादूने माझी पिशवी उचलली. परंतु मला एक गोष्ट सलते. माझी अब्रू राखण्यासाठी मुलगा देवीपुढे खोटे बोलला आणि सर्वजण पाकळीकडे पाहत होते, त्या क्षणी ती पडावी आणि त्याचे खोटे खरे ठरावे अशी मी मनातून प्रार्थना केली होती.