काकूंच्या दारापुढचा झिरपणारा रस्ता

नगरला आमच्या गल्लीत काँक्रीटचा रस्ता झाला, तेव्हा सगळ्यांना केवढा आनंद! चिखल संपला होता. पण पुढच्या काही उन्हाळ्यांत शेजारच्या काकूंच्या अंगणातली विहीर आटत गेली. पावसाचं पाणी जमिनीत मुरेना, सगळं गटारातून सीना नदीत वाहून जायचं.

मी सिव्हिल इंजिनिअर. पाइप बदलायला महापालिकेनं काकूंच्या दारापुढचा रस्ता फोडला आणि तसाच सोडला, तेव्हा मी नगरसेवकांकडे गेले. "भरा तुमचं तुम्ही," ते म्हणाले. मग मी खाली खडीचा जाड थर दिला आणि वर पाणी झिरपणारं काँक्रीट घातलं. त्यात वाळू नसते. नुसती खडी, सिमेंट आणि बेताचं पाणी. दिसायला अगदी मुरमुऱ्याच्या लाडवासारखं.

ते पक्कं झाल्यावर काकूंनी बादलीभर पाणी ओतलं. क्षणात नाहीसं!

"अगं बाई, गेलं कुठं?" त्या लहान मुलीसारख्या हसल्या. त्या पावसाळ्यात विहिरीच्या तळाशी ओल आली. मी महापालिकेत अर्ज केला, सगळी गल्ली अशी करा म्हणून. उत्तर आलं नाही.

दिवाळीनंतर बहिणीकडे कोपरगावला गेले होते. परतले तर काकूंच्या दारापुढे गुळगुळीत सिमेंट. खडीतली सगळी भोकं बुजली होती.

"कुणी केलं हे?"

"मीच करून घेतलं," काकू खाली बघत म्हणाल्या. "येणारंजाणारं इचारायचं, सगळ्यांपुढं चांगला रस्ता, तुमच्याच दारात असला खडबडीत का? धाकट्या पोराला बघायला मुलीकडचे पाव्हणे यायचे हुते. लई लाज वाटायची."

"आणि विहीर?"

"आता टँकर येतोय ना. तुमचं चांगलंच हुतं, बाई. पर रोज कुनाकुनाला समजावून सांगू?"

मला त्यांच्यावर रागावता येईना.

यंदा पाऊस बरा झाला. गल्ली धुऊन निघाली आणि तासाभरात कोरडी पडली. विहिरीवर आता लोखंडी जाळी आहे; काकूंनी वर तुळशीची कुंडी ठेवलीय. नवे रस्ते मंजूर झालेत, सगळे तसेच गुळगुळीत. परवा आमचंही बोअर आटलं. आणखी खोल घ्यायला मी बोअरची गाडी बोलावली. दिवसभर मशीन धडधडत राहिलं आणि दगडाची पांढरी, कोरडी पूड घरभर बसत गेली.