चौथ्या भागातली म्हातारी

छापखान्यात आम्ही त्याला टाचणी म्हणायचो. अंगाने तसाच, आणि चूक दिसली की टोचल्याशिवाय राहायचा नाही. वीस वर्षं आम्ही एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसलो. मी मूळ प्रत मोठ्याने वाचायची, तो डोळ्यांत तेल घालून प्रुफं बघायचा. माझ्या वाचण्यात एखादा ‘तर’ गळला तरी त्याची पेन्सिल थांबायची. माझं डोकं फिरायचं, पण चूक माझीच असायची. बाकीच्यांनी आमचं लग्न मनातल्या मनात चारदा लावून टाकलं होतं. तसं काही नव्हतं. असतं तर मीच सांगितलं असतं.

घरी त्याची मोठी बहीण. आई गेल्यावर ताईंनीच त्याला वाढवलं, आणि पुढे काचबिंदूने त्यांचे दोन्ही डोळे गेले. तेव्हापासून कामावरून आल्यावर चहा झाला की तो त्यांना तासभर वाचून दाखवायचा. ताईंना साधंसुधं काही चालत नसे. घरगुती भानगडी घरात पुरेशा आहेत म्हणायच्या. त्यांना राक्षस हवेत, उडती जहाजं हवीत. आमच्याच छापखान्यात पाच भागांची एक अद्भुत कादंबरी छापली गेली होती. बुडत चाललेली बेटं, राज्य गमावलेला राजपुत्र, आणि त्याला लहानाचा मोठा करणारी, दीपगृह सांभाळणारी एक म्हातारी. ही म्हातारी म्हणजे ताईंचा जीव की प्राण. मी घरी गेले की तिची वाक्यं मला म्हणून दाखवायच्या. त्यातली काही मला आठवतच नसत. मी म्हणायची, वय झालं आपलं.

मग त्या कादंबरीच्या पहिल्या तीन भागांवर सिनेमा निघाला. पुस्तकाची सर सिनेमाला नाही, असं छापखान्यात जो तो सांगू लागला, आणि सर्वांत ठासून सांगणाऱ्यांनी पुस्तक उघडलंही नव्हतं. ताईंनी जायचंच म्हणून हट्ट धरला. टाचणी आज-उद्या करत राहिला. गर्दी असते, आवाज फार असतो, सिनेमावाले सगळ्याचा विचका करतात. मला त्याचा संताप आला. बाईने जन्मात एक गोष्ट मागितली आणि याचा पाय निघत नाही. मी तीन तिकिटं काढली आणि रविवारी दुपारी त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते माझ्यासारखीला बघूनच म्हणत असावेत.

ताई मध्ये, आम्ही दोघं दोन बाजूंना. पडद्यावर काय चाललंय ते टाचणी त्यांच्या कानात सांगत होता. पुस्तकात वादळ दहा पानं घोंघावतं; इथे दोन मिनिटांत आटोपलं. पुस्तकातला समुद्रराक्षस धड कधी दिसतच नाही, म्हणून तर भीती वाटते. सिनेमात त्याचे दात मोजून घ्या. वर्णन ऐकून ताई म्हणाल्या, माझा यापेक्षा मोठा होता. त्या मजेत होत्या.

तिसऱ्या भागाचा शेवट आला. नावेत एकच जागा उरते. उद्या येतो असं म्हातारीला सांगून राजपुत्र निघून जातो. बेट बुडतं. तो परत येत नाही. म्हातारी त्याला हाका मारत राहते, आणि त्या हाका सिनेमावाल्यांनी फार वेळ ऐकवल्या. टाचणीने कानात सांगणं थांबवलं होतं. ताई माझ्याकडे कलल्या.

“बघ, लावली ना पुस्तकाची वाट,” त्या म्हणाल्या. “म्हातारी नावेत असते. शेवटपर्यंत त्याच्याबरोबर असते.”

माझ्या जिभेला हाड नाही. “नाही हो ताई,” मी म्हणाले, “पुस्तकात अस्संच आहे. मीच वाचलंय ना प्रुफाला.”

उरलेला सिनेमा त्यांनी मान न हलवता ऐकला.

बाहेर गर्दी ओसरेपर्यंत आम्ही जिन्यावर थांबलो. ताईंनी विचारलं, “मग पुढच्या दोन भागांत ती जे बोलते, ते कुणाचं?”

“माझं,” टाचणी म्हणाला.

माणसं शेजारून उतरत होती, कुणाला काय आवडलं ते सांगत. ती सगळी निघून गेल्यावर ताई म्हणाल्या, “एवढं लपवलंस ते का? मला टाकून जायचं तुझ्या मनात कधी आलं होतं का?”

मला ठाऊक होतं. आठ वर्षांपूर्वी दुसऱ्या शहरातल्या मोठ्या छापखान्याने त्याला बोलावलं होतं, एकट्यापुरती खोलीही देणार होते. ते पत्र खिशात घेऊन तो आठवडाभर फिरला आणि मग त्याने नकार कळवला. अशा वेळी कुणीही खोटं बोलावं. मी मनात म्हणत होते, बोल रे, एवढं एक खोटं बोल.

“एकदा,” तो म्हणाला. “आठवडाभर.”

ताई कठडा धरून एकट्या जिना उतरल्या. त्याचा हात त्यांनी घेतला नाही.

दोन महिन्यांनी त्या अंध स्त्रियांच्या वसतिगृहात राहायला गेल्या. अर्ज शेजारणीकडून लिहून घेतला होता. भावाला सगळ्यांत शेवटी कळलं. त्याने हातापाया पडून पाहिलं, मी गेलो तर नाही ना, म्हणाला. गेला नाहीस म्हणूनच मी जाते, एवढंच त्या बोलल्या. सामान बांधायला मी गेले होते. कपाटातला चौथा भाग सहज उघडला. समास पेन्सिलीने भरले होते, समास संपले तिथे चिठ्ठ्या डकवल्या होत्या. प्रत्येक ठिकाणी हा मजकूर इथे घ्यावा अशी आमचीच खूण. एका अक्षराची चूक नव्हती. मी तिथेच बसून रडले. हे घर मी मोडलं, असं मला अजून वाटतं.

वसतिगृहात दर रविवारी तो जातो. ताईंनी चौथा भाग मागितला, छापलाय तसा. घरी रोज तासभर वाचून त्या भागाला तीन महिने लागले होते; इथे दिवसभर बसून तो सहा रविवारांत संपला. शेवटच्या रविवारी मीही होते.

“एवढाच?” ताईंनी विचारलं.

“एवढाच.” त्याने पुस्तक मिटलं. “पाचव्यात म्हातारीला परत घेऊ का?”

“नको,” ताई म्हणाल्या. “आता ती बोलली तरी मला तूच ऐकू येशील.”