पोस्टरवरची बाई

सांगतेच आता. तीन वर्षं झाली, हे मी कोणाजवळ काढलं नाही — आईजवळ नाही, राणीजवळ नाही. आणि राणीला तर मी पोट दुखलं तरी फोन करते. तुमच्याजवळ बोलतेय, पण सरळ बोलणं जमेल याचा भरवसा नाही. मी गोल गोल फिरेन. मध्येच उठेन, पाणी पिऊन येईन. हल्ली मला एका जागी बसवतच नाही, त्याला काय करता?

यवतमाळात माझं फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस, बारसं, भावी नगरसेवक, भावपूर्ण श्रद्धांजली — म्हणाल ते. गिऱ्हाईक बाजूच्या स्टुलावर बसतं आणि सांगतं, ताई जरा गोरा करा, ताई टकलावर चार केस येतील का? येतात. सगळं येतं. लोकांचे चेहरे बदलणं हा माझा धंदाच आहे आणि त्यात मला कधी पाप वाटलं नाही, आजही वाटत नाही. मग तुम्ही म्हणाल, बाई, तुला टोचतंय तरी काय? तेच तर सांगायला बसलेय ना!

कॉलेजातली गोष्ट. पत्रकारितेच्या शेवटच्या वर्षाला आम्हाला एक प्रकल्प करायचा होता. स्वप्निल, राणी आणि मी — आमचा तिघांचा गट. कापूस वेचताना बाया जी गाणी म्हणतात, ती रेकॉर्ड करून अल्बम काढायचा ठरला. नाव दिलं ‘वेचणी’. स्वप्निल माईक घेऊन महागावपासून मारेगावपर्यंत वावरावावरातून फिरला, कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांनी पाय ओरबाडून घेतले. राणीनं एकेक ओळ लिहून काढली, बायांना चार चारदा विचारून. माझ्याकडे आलं कव्हर, पोस्टर आणि मोबाईलवर फिरवायच्या जाहिराती. म्हणजे डोळ्याला दिसेल ते सगळं माझं. सरांची अट एकच होती — आवाज असो की फोटो, आपण स्वतः जाऊन आणलेला पाहिजे.

कव्हरसाठी झरी जामणीकडच्या एका गावच्या बाजारात जाऊन म्हाताऱ्या बायांचे फोटो काढायचे, असं मीच मोठ्या तोंडानं सांगितलं होतं. कॉलेजचा कॅमेरा घेतला, एसटीत बसले आणि मध्ये मारेगावला मावशीकडे उतरले. मावशीनं पाटोडीची भाजी केली होती. जेवले, आडवी झाले, उठून पाहते तर पुढची गाडी निघून गेलेली.

नाही. हे पण खोटंच. गाडी गेली नव्हती, स्टँडवर उभी होती. मला कंटाळा आला होता, बस्स. ऊन होतं, पोट भरलं होतं, आणि अनोळखी म्हाताऱ्यांसमोर जाऊन ‘फोटो काढू का’ म्हणायची मला लाज वाटत होती. फुशारकी मारायला जीभ पुढं, जायला पाय मागं — अशी मी.

मग मावशीच्या पलंगावर पडल्या पडल्या मोबाईल काढला आणि एआयला चार ओळी टाईप करून दिल्या. म्हातारी बाई, कापसाचं वावर, ऊन, चेहऱ्यावर सुरकुत्या. अर्ध्या मिनिटात बाई तयार! हाताला सहा बोटं होती, हातच कापून टाकला. कापूस लाह्यांसारखा फुगलेला होता, तो धूसर केला. राहिला डावा कान. कानाची पाळी खालून चिरल्यासारखी दोन भागांत दिसत होती. मशीनची चूक, दुसरं काय? दुरुस्त करायला दोन मिनिटं लागली असती. पण म्हटलं, राहू दे. यानं तर बाई खरी वाटते.

राणीनं फोटो पाहिला आणि किंचाळलीच. ‘एकटीच गेलती? कुठी भेटली व तुले हे?’ मी म्हटलं, सोमवारच्या बाजारात. मिरच्या घेत होती. आता सांगा, मिरच्या कशाला? तिनं विचारलं होतं का, बाई काय घेत होती म्हणून? पण खोटं एकदा सुरू झालं की मला असं काहीतरी चिकटवल्याशिवाय राहवत नाही.

सरांनी तो फोटो फळ्याला टेकवून अख्ख्या वर्गाला दाखवला. म्हणाले, डोळे पाहा या बाईचे. सगळ्यांनी पाहिले, मीपण पाहिले. पोस्टर छापून आले. यवतमाळ, वणी, मारेगाव, पांढरकवडा, सगळ्या स्टँडवर आम्ही ते चिकटवले. गाणी स्वप्निलनं आणली होती, शब्द राणीनं, पण जो तो विचारी — ती बाई कोण? पुढं त्या एका पोस्टरवर मला कामं मिळाली. दुकान त्याच्यावरच उभं आहे म्हणा ना.

गोष्ट इथंच संपली असती तर मी तुम्हाला तकलीफ दिलीच नसती. आळस केला, थाप मारली, सर फसले. कॉलेजात कोणी केलं नाही असं?

अल्बमच्या कार्यक्रमाला चार दिवस राहिले होते. शिपाई एका माणसाला घेऊन सरांच्या खोलीत आला. आम्ही तिघंही तिथंच होतो. देवरावजी त्यांचं नाव, मारेगावजवळच्या एका कापसाच्या जिनिंगवर चौकीदार. साठीला आलेले. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, लग्नाकार्यात घालायचा असावा. हातात आमचं पोस्टर. स्टँडच्या भिंतीवरून पाणी लावून लावून सोडवलेलं, कुठंही न फाटता. मागची खळ तशीच वाळलेली. त्यांनी ते सरांच्या टेबलावर पसरलं आणि डाव्या कानावर बोट ठेवलं.

‘हे माही मोठी बहीन हाये जी. सुभद्रा. हा कान पाहा. मीच फाडला. लहान होतो, तिच्या कडेवर होतो, बाळी ओढली.’

अरे देवा, मशीनची चूक ती! मी म्हटलं होतं, राहू दे.

ते सांगत गेले. आई लवकर गेली, बहिणीनंच वाढवलं. नवऱ्यानं टाकली म्हणून ती भावाकडेच राहिली, जन्मभर राबली. अकरा वर्षांपूर्वी भाजीत मीठ जास्त झालं एवढ्यावरून हे बोलले, माह्या घरातून चालती हो. ती पिशवी घेऊन निघाली ती निघालीच. त्यांनी वणी पाहिली, चंद्रपूर, हिंगणघाट, नागपूरचं स्टेशन, देवळांच्या पायऱ्या. जिथं म्हाताऱ्या बाया बसतात तिथं तिथं सुट्टी काढून जायचे. आणि आता अकरा वर्षांनी ती भिंतीवर दिसली. ‘तुमाले कुठी भेटली?’

दोन वाक्यं होती. काका, ही बाई खरी नाही. ही मी मशीनकडून बनवून घेतली. लागतं किती वेळ? पण समोर सर, खिडकीशी स्वप्निल, राणी ओढणीनं डोळे पुसत असलेली, आणि सगळे माझ्याकडे पाहत होते. मी गावाचं नाव सांगितलं. सोमवारच्या बाजारात, म्हटलं. मिरच्या घेत होती.

तुम्हाला वाटलं असेल, हेच ते. माझी कबुली झाली. मीसुद्धा स्वतःला दोन वर्षं इथपर्यंतच सांगत होते — घाबरले, लहान होते, तोंडून निघून गेलं. इथवर आले की मी उठायची आणि दुकानाचं काहीतरी काम काढायची. आत्ताही उठावंसं वाटतंय. पण पुढं आहे अजून.

त्यांनी विचारलं, बरी दिसे का? मी म्हटलं, हो. जेवूनखाऊन दिसे का? हो. मग ते पोस्टरच्या कडा सरळ करत राहिले. आणि मान वर न करता म्हणाले, ‘काही म्हने का ते? माह्याबद्दल?’

आता इथं मला कोणी ढकललं नव्हतं. ‘नाही काका, फोटो काढला अन् निघाले’ म्हणाले असते तर सुटले असते. थाप होती तेवढीच राहिली असती. मग काहून बोलले मी? दया आली म्हणून? कोणाला सांगितलं तर ते हेच म्हणतील — पोरीला म्हाताऱ्याची दया आली. नाही हो. दया नव्हती. खोलीत सगळे श्वास रोखून माझ्याकडे पाहत होते, सरांच्या चेहऱ्यावर कौतुक होतं, आणि मला ते आवडत होतं. मी म्हटलं, हो, बोलली. म्हणाली, मारेगावकडे माझा भाऊ आहे. त्याच्यावर माझा राग नाही, म्हणाली.

आणि वरून हेही म्हटलं, की एक दिवस घरी येईन म्हणाली.

हे मी केलं. ज्या बाईला मी कधी पाहिलं नाही, तिच्या नावानं मी माफी देऊन टाकली. ती द्यायची की नाही हे सुभद्राबाईनं ठरवायचं होतं. कदाचित तिनं कधीच दिली नसती! जन्मभर राबवून घेऊन मिठावरून हाकललं होतं तिला.

देवरावजी खुर्ची सोडून खाली फरशीवर बसले. साठीचा माणूस लहान लेकरासारखा रडला. रडता रडता माझ्या पायाला हात लावायला वाकला, मी पाय मागं घेतले. सरांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. कार्यक्रमात ही हकीकत त्यांनी माईकवरून सांगितली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी स्टेजवर उभी होते, हार घालून.

तेव्हापासून ते दर सोमवारी त्या बाजाराला जातात. जिनिंगवर पाळी बदलून घेतली त्यासाठी. आधी आधी संध्याकाळी फोन यायचा — ‘आज नाई दिसली, ताई. पुढच्या सोमवारी पाहतो.’ एकदा फार आनंदात होते. एक मिरचीवाली म्हणाली होती, पाहिल्यासारखी वाटते. मी म्हटलं, वा, काका. मग मी फोन उचलणं बंद केलं. मोबाईल वाजला की अजूनही आधी नंबर पाहते, गिऱ्हाईक असतं.

आणि दुसऱ्या कुठं ते आता जात नाहीत. वणी नाही, चंद्रपूर नाही, नागपूरचं स्टेशन नाही. कशाला जातील? त्यांना जागा कळली आहे ना! खरी सुभद्राबाई जिवंत असेल तर कुठल्यातरी पायरीवर बसली असेल, आणि तिला शोधणारा जगात एकच माणूस होता. त्याला मी भलत्याच बाजारात उभं केलं आहे.

मागच्या महिन्यात ते दुकानात आले. पत्ता राणीनं दिला, आपुलकीनं. पिशवीतून पोस्टर काढलं. घड्यांवर झिजून नाकाच्या जागी भोक पडलं होतं. म्हणाले, दुसरं द्या. मी काढून द्यायला उठले तर म्हणाले, ‘तीन वर्सं झाले, ताई. केसं आनखी पिकले असन तिचे. थोडे पांढरे करून द्या ना. लोकाईले वळखाले सोपं जाईन.’

काय सांगू तुम्हाला? दुकानात आम्ही दोघंच होतो. सर नाहीत, राणी नाही, टाळ्या वाजवणारं कोणी नाही. तेव्हा सांगायचं होतं. मी फाईल उघडली.

ते स्टुलावर बसले आणि सांगत गेले, मी करत गेले. कपाळापासून पांढरे करा, माझेही तसेच पिकले. केले. गाल थोडे बसले असतील. बसवले. कानाला हात लावू नका. नाही लावला. मग ते स्क्रीनकडे फार वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, ‘हो. आता अशीच दिसत असन.’

मी जाड कागदावर प्रिंट काढली. पावसापाण्यात खराब होऊ नये म्हणून दोन्ही बाजूंनी लॅमिनेशन केलं. ते म्हणाले, एखाद्या सोमवारी तुमीच चाला ना संगं, तुमी तर डोळ्यांनी पाहिलं हाये तिले. मी म्हटलं, दुकान सोडून निघणं होत नाही, काका.

‘हो, तेबी खरं हाये,’ ते म्हणाले आणि पिशवी सांभाळत पायऱ्या उतरले.

फाईल मी पुसली नाही. अजून दोन-तीन वर्षांनी ते पुन्हा येतील, तेव्हा लागेल.