सुईणीचा बोळ

आमच्या बोळाची जुनी पाटी काल उतरणार होती. ‘सुईणीचा बोळ’ हे नाव म्हणे शहराला शोभत नाही. पाटी बदलायला आलेला माणूस शिडीवरून आम्हा जमलेल्यांना म्हणाला, “त्या बाईंचं पूर्ण नाव सांगा, नव्या पाटीवर तेच घालू. नाहीतर पुढाऱ्याचं तयार आहे.”

झाली पंचाईत! अख्ख्या बोळाला पहिला टाहो फोडायला लावणारी ती बाई, आणि तिचं नाव कोणालाच ठाऊक नाही. मीही तिच्याच हातचा. नुसता डोकं खाजवत उभा.

तेवढ्यात खिडकीतून नव्वदीच्या गोदाक्का कडाडल्या, “अरे, कळा सुरू झाल्यावर नाव विचारतं का कोणी? ‘बाई, चला’ म्हटलं की तव्यावरची भाकरी टाकून निघायची ती!”

मोठमोठ्या नावांचे किती रस्ते मी तुडवले, पण त्यांतलं कोण कधी भाकरी टाकून आमच्या दारी आलं होतं?

त्या माणसाने बाहीने पाटी पुसली आणि सैल केलेले स्क्रू पुन्हा आवळले. “साहेबांना सांगतो, गंजलेत, निघत नाहीत.”

“शहाणा आहेस,” गोदाक्का म्हणाल्या. “आता जपून उतर हो. झेलायला ती नाही.”